गाडीतलं गाडीत

दहा फेब्रुवारी, मंगळवार. तिमाही पासाचे दोन हजार तीनशे चाळीस रुपये खिडकीत मोजून दिले, पास पाकिटाच्या पारदर्शक कप्प्यात सरकवला आणि कवळीवाले फलाटावर आले. हा दिवस त्यांच्या लक्षात राहिला तो मात्र पासामुळे नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीने, बूट काढता काढता, दूधवाल्याचा निरोप सांगावा तशा आवाजात सांगितलं, "बाबा, रविवारी एकजण घरी येणार आहे. तेवढी दाढी करा."

"एकजण म्हणजे?"

"एकजण म्हणजे एकजण. दोघंजण असते तर दोघंजण म्हटलं असतं. आई, तू सांग गं यांना."

आईला सगळं आधीच माहीत होतं. मुलगी एका फरशांच्या शोरूममध्ये हिशेब बघायची. त्या इमारतीची लिफ्ट एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत ही एकटी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा जो मुलगा आला, त्याने दार फटीएवढं उघडून आधी पाण्याची बाटली आत दिली, मग गप्पा मारत मारत तिला बाहेर काढलं. तेव्हापासून त्यांच्या भेटी सुरू होत्या. मुलगी सव्वीस वर्षांची, घरात अजून तिला बबडीच म्हणत. कवळीवाल्यांनी दाढी करायचं कबूल केलं. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं.

कवळीवाले हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते गाडीतलं नाव. पलीकडच्या शहरात एका दंतवैद्यांकडे ते कामाला होते, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. खोलीला एक खिडकी, ती जिन्याकडे उघडणारी. टेबलावर मेणाचे तुकडे, छोटा बर्नर, दातांच्या रंगांचा नमुनापट्टा आणि घासायचं यंत्र, जे चालू झालं की बाहेरच्या खोलीतले रोगी घाबरून ताठ बसत. रोगी त्यांच्याकडे कधी येत नसत, येत ते रोग्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. त्या साच्यावरून ते कवळ्या करत, तुटक्या दातांना टोप्या करत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांना हसण्याची सोय करून दिली होती आणि त्यातल्या एकालाही हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी भुवयांवर प्लास्टरची पूड घेऊन घरी आले की बायको म्हणायची, "आले बघा म्हातारे. तोंड धुवा, म्हणजे माझा नवरा बाहेर येईल."

रोजची सकाळची गाडी, शेवटून तिसरा डबा, दारालगतची समोरासमोरची बाकं. सव्वा तासाचा प्रवास. तिथे त्यांच्याबरोबर दोघं ठरलेली. एक मापाडी, म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटा निघाला तर जप्त करायचे. अंगाने एवढे आडवे की कवळीवाले म्हणायचे, तुम्हाला तपासायला कुठला काटा आणायचा? दुसऱ्या बँकबाई. एका बँकेत कॅशच्या खिडकीवर बसत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या आणि डब्यात शिरल्या शिरल्या चपला काढून पाय पिशवीवर ठेवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकुलता एक मुलगा.

या बाकांचा एक नियम होता आणि तो मापाड्यांनी घातला होता. फार पूर्वी त्यांच्यात एक चौथा गृहस्थ बसायचा. तो रोज आपल्या साहेबाला शिव्या घालायचा. साहेब कसा लबाड, कसा चिकट, जेवताना कसा आवाज करतो, सगळं साग्रसंगीत. महिनाभराने कळलं की पलीकडच्या बाकावर पेपर वाचणारा माणूस त्या साहेबाचा सख्खा साडू. गृहस्थाची बढती गेली, पुढे तो गाडीतूनही दिसेनासा झाला. तेव्हा मापाडी म्हणाले, "आपल्यात नाव नाही, आडनाव नाही, पत्ता नाही. कोण कोणाचा कोण, ते कळायलाच नको. बाकी पोटातलं काय ते बोला. गाडीतलं गाडीत."

नियम सगळ्यांना फार सोयीचा झाला. नाव-पत्ता नसला की माणूस किती मोकळा बोलतो, हे त्या बाकांवर बसल्याशिवाय कळायचं नाही. घरच्या माणसांपाशी जे बोलता येत नाही ते तिथे बोललं जायचं आणि स्टेशन आलं की तिथेच राहायचं. निदान तिघंही तसं समजून चालले होते.

मापाड्यांनी एकदा सांगून टाकलं होतं की मुलीच्या शिक्षणाच्या वेळी त्यांनी दोन दुकानदारांचे काटे डोळे झाकून पास केले होते. आणि कवळीवाल्यांनी सांगितलं होतं ते बबडीबद्दल.

ती तेव्हा पंधरा वर्षांची. जेवताना आरसा घेऊन बसलेली. "बाबा, माझे दात कोणावर गेलेत? तुमचे ओळीत उभे असल्यासारखे. आईचे बारीक. माझे हे असे फावड्यासारखे कुठून आले?" बायकोचा घास हातात तसाच राहिला. कवळीवाले म्हणाले, "माझ्या आईवर." आणि पाणी प्यायले. बबडी त्यांची नव्हती. तीन आठवड्यांची असताना त्यांनी तिला एका संस्थेतून आणलं होतं आणि त्याच दिवशी, रिक्षात, बायकोने त्यांच्याकडून शपथ घेतली होती की हे तिला कधी म्हणजे कधी कळता कामा नये. शपथ त्यांनी पाळली. पण त्या आरशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्यांनी समोरच्या दोघांना सगळं सांगितलं. बँकबाईंनी डोळे पुसले. "नका सांगू तिला," त्या म्हणाल्या. "उगाच पोर मनातून तुटायची."

बँकबाईंचं दुखणं त्यांच्या मुलाचं होतं. चार वर्षांपूर्वी एक दिवस त्या नेहमीसारख्या पाय वर घेऊन न बसता तशाच खाली बघत बसल्या. मुलाचं एका मुलीशी लग्न ठरत आलं होतं. जिन्यात दोघांची वादावादी झाली आणि मुलाने तिचा हात असा पिरगळला की मनगट मोडलं. संध्याकाळी त्या मुलीचा भाऊ आला आणि त्याने याचा पुढचा दात पाडला. पुढे दोन्ही घरांनी गप्प बसायचं ठरवलं. "तुमच्या डॉक्टरांचा पत्ता तेवढा द्या, मी त्याला पाठवते," बँकबाई म्हणाल्या, "पण दात तुम्ही स्वतः करा. मन लावून करा. लोकांनी विचारायला नको."

कवळीवाल्यांनी मन लावून केला. साच्याबरोबर आलेल्या दातांच्या फोटोत शेजारच्या दातावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता आणि तो दात किंचित आत झुकलेला होता. नवा दात सरळ केला असता तर उपरा दिसला असता. त्यांनी त्यालाही तेवढाच झोक दिला, तसाच ठिपका दिला. दंतवैद्यसुद्धा वा म्हणाले.

त्यानंतर वर्षाने बँकबाईंच्याच मनगटाला बँडेज. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाल्या. "बाथरूमने माप खोटं लावलं वाटतं," मापाडी हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मुलगा रात्री उशिरा मोटारसायकल घेऊन निघाला होता, यांनी किल्ली लपवली. त्याने ती किल्ली यांच्या मुठीतून काढून घेतली, मूठ उघडत नव्हती म्हणून मनगट फिरवलं. "एरवी इतका गुणी आहे हो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पाय धरून रडला. कोणाला सांगू? बहिणीला सांगितलं तर चार घरं फिरून येईल. म्हणून इथे." दोघे पुरुष खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मापाडी म्हणाले, "गाडीतलं गाडीत, बाई."

हे सगळं असं होतं, आणि मग तो रविवार आला.

मुलगा उंच, बोलायला मऊ. बिस्किटांचा डबा घेऊन आला. दाराची कडी लागत नाही हे त्याच्या येतानाच लक्षात आलं होतं, त्याने बसण्याआधी खिशातला पेचकस काढून ती बसवून दिली. बायको तर तिथेच विरघळली. "यांना सहा महिने सांगतेय," ती म्हणाली.

"आई, बाबा दात बसवतात, कड्या नाही," बबडी म्हणाली. "कडी कवळीत असती तर कधीच बसली असती."

मुलगा मान मागे टाकून हसला.

कवळीवाल्यांनी कप खाली ठेवला. पुढचा वरचा दात, तो झोक, तो ठिपका. आपल्या हातचा दात ते पहिल्यांदाच कोणाच्या तोंडात हसताना बघत होते.

"आई काय करते तुझी?" त्यांनी विचारलं.

"बँकेत आहे काका, कॅशला. रोज सकाळच्या गाडीने जाते." त्याने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमचीच गाडी असेल."

"असेल," कवळीवाले म्हणाले. "गर्दी असते. कोण कुठे बसतं कळत नाही."

"हो ना," मुलगा म्हणाला आणि पुन्हा हसला.

सोमवारी मापाडी आले नव्हते, त्यांचा कुठल्या तरी बाजारात दौरा होता. बँकबाई येऊन बसल्या. चपला काढल्या नाहीत. गाडी हलली.

"तुम्हाला कधी कळलं?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"तीन महिने झाले. मुलगी कोण म्हटल्यावर म्हणाला, तिचे वडील कवळ्या करतात. शहरात कवळ्या करणारे असे कितीसे आहेत?"

"तीन महिने तुम्ही माझ्यासमोर बसून पेपर वाचलात?"

"मग काय करू? तुमच्या गळ्यात पडून विहीण झाले म्हणून नाचू?" त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, त्यांचं आपोआप बिनसेल. मग वाटलं, बिनसू नये. तुमची मुलगी भेटल्यापासून तो बदललाय. खरंच बदललाय. घरी आवाज चढवत नाही."

"तुमचा हात त्याने मोडला बाई."

"मोडला नाही. मुरगळला."

"तुम्हीच सांगितलंत. इथे, याच बाकावर."

"मी सांगितलं ते कवळीवाल्यांना. मुलीच्या बापाला नाही सांगितलं." त्यांनी घड्याळ उगाच फिरवलं. "हे बघा, मी भांडायला नाही बसले. तुम्ही तुमच्या मुलीला काही बोललात तर ती त्याला विचारणार. तो मला विचारणार. घरात काय होईल ते तुम्ही ऐकलंय, मी जगलेय. आणि मग मी तरी तोंड किती दिवस बंद ठेवू? तुमचंही एक माझ्याजवळ आहे."

"धमकी देताय?"

"नाही हो." त्या एवढ्या हळू बोलल्या की गाडीच्या आवाजात ते जेमतेम ऐकू आलं. "हात जोडतेय. तुमचं झाकलेलं राहू दे, माझं झाकलेलं राहू दे. पोरं सुखाने राहतील."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. गाडीत आपण बबडीचं बोललो होतो, हेही सांगावंच लागलं. ती ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला, पण वळली नाही.

"अहो, मी तुम्हाला शपथ घातली होती."

"तिला सांगितलं नाही मी."

"गाडीभर लोकांना सांगितलंत!"

"दोघांना. नियम होता."

"नियम!" ती वळली. "तुमच्या त्या नियमाला जाळा. आता ऐका माझं. तुम्ही काही बोलायचं नाही."

"अगं, तो हात उचलतो."

"उचलला तर ती परत येईल. दार उघडं आहे आपलं. पण आपण तिचे कोणी नाही हे कळलं, तर ती कुठल्या दाराने परत येणार?" एवढं बोलून ती रडली नाही, पोळीचा डबा उघडून आत बघत राहिली, जणू त्यात आणखी काही ठेवलं होतं.

आठवडाभर त्यांनी कामात दोन साचे बिघडवले. दंतवैद्य म्हणाले, "डोळे तपासून घ्या." ते बरं म्हणाले.

त्यांना एकच वाट दिसत होती. आपण बोललो तर मुलीच्या बापाने कान भरले असं होईल, पण तिसऱ्या माणसाने सांगितलं तर? त्यांनी मापाड्यांना परतीच्या वेळी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं, सगळं सांगितलं आणि विनवलं, "एकदा माझ्या घरी चला. मुलीला फक्त एवढंच सांगा की बँकबाई त्या दिवशी काय बोलल्या."

मापाड्यांनी चहा खाली ठेवला. आज त्यांनी एकही विनोद केला नव्हता.

"मी काय सांगू? मला त्यांचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. मुलगा मी पाहिलेला नाही. मी एक बाई रडताना पाहिली, एवढीच माझी साक्ष."

"तेवढीच द्या."

"आणि उद्या त्या बाई चिडल्या तर? माझ्या दोन काट्यांचं काय?" ते इकडे तिकडे बघून म्हणाले. "माझी पेन्शन वर्षावर आलीये, कवळीवाले. त्या बाकांवर आपण सगळ्यांनी एकमेकांच्या माना एकमेकांच्या हातात दिल्यात. तुम्ही एक सोडलीत की सगळ्या सुटल्या."

"माझ्या पोरीचा हात आहे हो तो."

"कळतंय मला," मापाडी म्हणाले. ते खरंच कळलेल्या माणसासारखे दिसत होते. पण उठले आणि गेले.

पुढच्या शनिवारी दुपारी बायको तिच्या भावाकडे गेली होती. बबडी बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. कवळीवाले समोर जाऊन बसले, पेपर उलटा-सुलटा केला, आणि मग त्यांनी ठरवलं तसं न बोलता भलतीकडूनच सुरुवात केली.

"तो मुलगा... आधी त्याचं एकीशी ठरलं होतं."

"माहितीये." इस्त्री थांबली नाही. "तिचा हात मोडला होता. त्यानेच सांगितलं मला."

कवळीवाल्यांच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. "काय सांगितलं?"

"जिन्यात भांडत होते. तिने हात सोडवून घेतला आणि तोल गेला. त्याच्या दाताचं पण तेव्हाच झालं."

"दात तिच्या भावाने पाडला. हात सुटला नव्हता, यानेच पिरगळला होता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याच्या आईने. गाडीत. आणि बबडी, पुढच्या वर्षी त्याने आईचाही हात मुरगळला. तिच्या मुठीत गाडीची किल्ली होती म्हणून. ती माझ्यासमोर रडली आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा हात त्याच्या ताब्यात नाही. तू हे लग्न करू नकोस."

बबडीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. शर्टाची बाही सरळ केली. मग ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, आणखी काही सांगायचं राहिलंय का तुमचं?"

तिने हे फार मऊ आवाजात विचारलं. कवळीवाल्यांना रिक्षातली बायको दिसली, दुपट्यातलं ते तीन आठवड्यांचं तोंड दिसलं. आता एका वेळी किती ओझं टाकायचं पोरीवर, असंही त्यांच्या मनात आलं.

"नाही," ते म्हणाले. "काही राहिलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

बबडी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "मी तुमची नाही, हे मला माहिती आहे," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"नोव्हेंबरपासून माहिती आहे. त्याच्या आईने कधी काळी घरी सांगितलं होतं, गाडीत एक कवळ्या करणारे आहेत, त्यांनी मुलगी संस्थेतून आणलीये आणि तिला सांगत नाहीत. मी त्याला तुमचं काम सांगितलं, गाडी सांगितली, तसा तो गप्प झाला. मग दोन दिवसांनी त्याने मला सांगितलं. म्हणाला, मला माहीत असताना तुला न सांगणं म्हणजे फसवणूक होईल."

"बाळा..."

"मी रागावले नाही. खरंच नाही. मी तुमचीच आहे, आईचीच आहे. पण मी वाट बघत होते. रोज जेवताना वाटायचं, आज सांगतील. आत्तासुद्धा मी तुम्हाला दोनदा विचारलं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालात. मग आता हातांचं जे सांगताय ते मी कशावरून खरं मानू?"

"ते खरं आहे गं."

"आत्ताचं 'नक्की' पण असंच होतं."

"त्याच्या आईला विचार," कवळीवाले म्हणाले. दुसरं काही सुचेना. "आत्ता विचार. माझ्यासमोर."

बबडीने फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये टेबलावर ठेवला.

"काकू, सहज विचारते हं. मागे तुमच्या मनगटाला काय झालं होतं?"

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती पूर्ण विरेपर्यंत बँकबाई बोलल्या नाहीत. मागून एका पुरुषाचा आवाज आला, कोण आहे गं?

"बाथरूममध्ये घसरले होते ना," बँकबाई म्हणाल्या. "का गं?"

"काही नाही. असंच."

"बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथेच बसलेत."

मग बँकबाई म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांग," आणि फोन बंद झाला.

बबडीने शर्टाची घडी घातली. तो शर्ट कवळीवाल्यांचाच होता. तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. तिने भांडण केलं असतं, दार आपटलं असतं तर कवळीवाल्यांना बोलायला जागा मिळाली असती. तिने तीही ठेवली नाही. संध्याकाळी आई आल्यावर दोघी आतल्या खोलीत खूप वेळ बोलत होत्या, मग रडण्याचे आवाज आले, मग हसण्याचेही. बायको बाहेर आली ती डोळे सुजवून, पण सव्वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखी. "पोरगी सोन्यासारखी आहे हो," ती म्हणाली. "आता तुम्ही काही काढू नका."

तरी त्यांनी काढलंच. दोनदा काढलं. एकदा बबडी म्हणाली, "बाबा, पुरे." दुसऱ्यांदा तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्यांना पाणी आणून दिलं, जसं आजारी माणसाला देतात. मुलाला एकट्याला गाठून बोलावं असंही त्यांनी ठरवलं. तो लगेच भेटला. "काका, तुम्हाला माझी भीती वाटणं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी तसा होतो. मी तिला सगळं सांगितलंय." तो इतका नीट बोलला की कवळीवाल्यांना क्षणभर वाटलं, आपणच खोटं बोलतोय. "आईचं सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "आई घसरली होती," तो म्हणाला.

लग्न मे महिन्यात झालं, नोंदणी कार्यालयात. अरुंद खोली, भिंतीला लावलेली बाकं, आपली पाळी येण्याची वाट बघणारी आणखी तीन जोडपी. बबडी फार छान दिसत होती आणि हसत होती, तिचे ते रुंद दात मोकळे सोडून. कवळीवाले साक्षीदार होते. सही करताना पेन उमटलं नाही, कारकुनाने दुसरं दिलं. फोटोच्या वेळी मुलाने बबडीचं मनगट धरून तिला आपल्या बाजूला घेतलं, तसं तर सगळेच नवरे घेतात. फोटोवाला म्हणत होता, मुलीचे वडील, इकडे बघा, इकडे. ते त्या मनगटाकडे बघत होते. त्या फोटोत ते तसेच आले आहेत.

बँकबाईंनी गाडी बदलली. बदली मागून घेतली म्हणतात, दुसऱ्या शाखेत. मापाडी अजून त्याच बाकावर बसतात, पण आता पेपर आणतात. कवळीवाले खिडकीशी बसून मोबाईल हातात धरून असतात. बबडी रोज सकाळी फोन करते. ते विचारतात, बरी आहेस ना? ती म्हणते, बरी आहे बाबा. परवा घरी आली तेव्हा तिने लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता. उन्हाळा होता, पण ऑफिसात गार हवा जास्त असते म्हणाली. असतेही.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात कारकुनाने दाखल्याच्या जादा प्रतीचे पन्नास रुपये सुटे मागितले. कवळीवाल्यांकडे पाचशेची नोट होती. विहीणबाईंनी पर्स उघडून पन्नास दिले. ते त्यांना अजून द्यायचे आहेत.